मुलांच्या जबड्यात मिनिस्क्रू बसवण्यापूर्वी हाडाची जाडी कशी पाहावी

दात सरकवायचा, तर सरकवणाऱ्याला कुठेतरी पाय रोवावे लागतात. आणि पाय रोवण्यासाठी दुसऱ्या दातांचाच आधार घेतला, तर नको असताना तेही थोडे सरकतात. ही अडचण टाळण्यासाठी हाडातच तात्पुरता बसवायचा बारीक स्क्रू, म्हणजे मिनिस्क्रू, आता दात सरळ करणाऱ्या डॉक्टरच्या, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टच्या, हाताखालचे नेहमीचे साधन झाले आहे. जपानमधील कानोमी यांनी १.२ मिमी व्यासाचा आणि ६ मिमी लांबीचा स्क्रू वापरून केलेले काम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर या साधनाचा प्रसार झपाट्याने झाला. आज वापरात असलेले बहुतेक स्क्रू टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, १.२ ते २ मिमी व्यासाचे आणि ६ ते १२ मिमी लांबीचे असतात. दातांच्या इम्प्लांटप्रमाणे ते हाडाशी एकजीव व्हावेत अशी अपेक्षा नसते. हाडाच्या बाहेरच्या कठीण कवचाने त्यांना आवळून धरावे, यावरच त्यांचा टिकाव मुख्यतः अवलंबून असतो. म्हणून हे कवच किती जाड आहे हा प्रश्न येतो, आणि ते किमान १ मिमी असावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

हा १ मिमीचा नियम मुलांना जसाच्या तसा लावला की फसगत होते. सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्यासाठी मिनिस्क्रूचा विचार करावा लागतो, ती बहुधा आठ ते चौदा वर्षांची असतात. त्यांतल्या लहान मुलांचे पालक ‘हनुवटी पुढे आली आहे’ अशी तक्रार घेऊन येतात. प्रत्यक्षात अनेकदा हनुवटी पुढे आलेली नसते, वरचा जबडा मागे राहिलेला असतो. अशा मुलांत हाडाची जाडी हा तपासणीतला शेवटचा प्रश्न आहे. त्या हाडात स्क्रूखेरीज आणखी काय आहे, हा पहिला. पुढचे सर्व विवेचन ऑर्थोडॉन्टिक्सचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आणि नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांना समोर ठेवून केले आहे. पालकांनीही ते वाचायला हरकत नाही, पण त्यावरून मुलाचा उपचार ठरवू नये.

स्कॅन सांगण्याआधी

मूल खुर्चीत बसले की आधी त्याच्या तोंडात पाहावे आणि ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, पाहावा. ओपीजीवर जाडी मोजता येत नाही, कारण त्यातली प्रतिमा मूळ आकारापेक्षा मोठी असते आणि हे मोठेपण जबड्याच्या प्रत्येक भागात सारखे नसते. मात्र कोणता कायमचा दात कुठे वाढतो आहे, कोणता वाट चुकला आहे आणि कोणता मुळातच नाही, हे त्यावर चांगले कळते. सेफॅलोग्रामवर, म्हणजे बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेवर, टाळूच्या पुढच्या भागातील हाडाच्या उंचीचा अंदाज येतो. तोही मध्यरेषेजवळचाच, डावीकडे-उजवीकडे काय आहे ते एकमेकांवर पडून झाकले जाते.

टाळूच्या पुढच्या भागात, योग्य ठिकाणी, नेहमीच्या मापाचा स्क्रू बसवायचा असेल आणि ओपीजीवर तिथे कोणताही दात अडकलेला दिसत नसेल, तर प्रत्येक मुलाला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, सांगण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ओपीजीचा प्रभावी डोस, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणांचे माप, साधारण ३ ते २५ मायक्रोसीव्हर्ट असतो. सीबीसीटीचा डोस यंत्र, स्कॅनच्या क्षेत्राचा आकार आणि सेटिंग यांनुसार काही दहांपासून काही शेकडा मायक्रोसीव्हर्टपर्यंत जातो. वाढत्या वयातील पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि मुलापुढे आयुष्यही लांब असते. त्यामुळे मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: स्कॅनमध्ये काहीही निघाले तरी मी स्क्रू तिथेच बसवणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर स्कॅन सांगू नये.

स्कॅन सांगायचाच ठरला, तर चिठ्ठीवर नुसते ‘सीबीसीटी’ लिहून मुलाला पाठवू नये. वरचा जबडा हवा की खालचा, क्षेत्र किती लहान चालेल, व्हॉक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान ठोकळा, किती हवा आणि स्कॅन कशासाठी हवा, हे लिहावे. ०.२ ते ०.३ मिमी व्हॉक्सेल या कामाला पुरतो. त्याहून बारीक मागितला की डोस आणि स्कॅनचा वेळ दोन्ही वाढू शकतात, आणि वेळ वाढला की मूल हलते. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे याची एकदा खात्री करून घ्यावी. आणखी एक गोष्ट आवर्जून लिहावी: चकचकीत कागदावरचे प्रिंट नकोत, स्कॅनची मूळ डिजिटल नोंद, म्हणजे डायकॉम फाइल, पेनड्राइव्हवर द्यावी. मंगळवेढ्याहून एसटीने आलेल्या आईला ‘प्रिंट चालत नाही, पुन्हा जाऊन फाइल घेऊन या’ असे सांगण्याची वेळ माझ्यावर एकापेक्षा जास्त वेळा आली आहे, आणि दोष चिठ्ठी अपुरी लिहिणाऱ्या माझाच होता.

जागा आधी, जाडी नंतर

पहिली कायमची दाढ सहाव्या-सातव्या वर्षी येते. वरच्या उपदाढा, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधले दात, साधारण दहा ते बारा या वयात येतात आणि वरचा सुळा बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षी. याचा अर्थ असा की नऊ वर्षांच्या मुलाच्या गालाकडच्या बाजूला, दुधाच्या दाढांच्या मुळांमध्ये आणि मुळांखाली, उपदाढांचे अंकुर बसलेले असतात. तिथे कवच १.५ मिमी भरले तरी त्या आकड्याचा काही उपयोग नाही, कारण कवचाच्या पलीकडे स्क्रूसाठी जागाच नाही. दुधाचे दात पडून कायमचे दात येईपर्यंत मुळांमधील जागा स्क्रूसाठी जवळजवळ बंदच समजावी.

कायमचे दात आल्यानंतर दोन मुळांमधील अंतर मोजावे. स्क्रूच्या व्यासात दोन्ही बाजूंना १-१ मिमी मिळवावा, १.४ मिमीच्या स्क्रूला म्हणजे ३.४ मिमी मोकळी जागा लागते. हे अंतर हिरडीच्या काठापाशी कमी असते आणि मुळांच्या टोकाकडे जाताना बहुधा वाढते, पण तितके वर गेले की स्क्रूचे डोके गालाच्या सैल त्वचेत बुडते आणि तिथली त्वचा सुजते. या ओढाताणीत मुलांच्या बाबतीत मी हिरडीच्या घट्ट भागाच्या बाजूने कौल देतो.

म्हणूनच लहान वयात टाळूचा पुढचा भाग सर्वांत सोयीचा ठरतो. टाळूवर पुढे ज्या आडव्या वळ्या जिभेला लागतात, त्यांतल्या तिसऱ्या वळीच्या आसपास, मध्यरेषेच्या बाजूला, हाड तुलनेने जाड असते. मागे जावे आणि बाहेर जावे तसे ते पातळ होत जाते. नेमक्या मध्यरेषेवर स्क्रू बसवू नये, कारण टाळूची दोन अर्धुके जिथे जुळतात ती सांधरेषा मुलांत अजून भरून आलेली नसते. तिथे पकड कच्ची राहते आणि वाढीच्या जागेला आपण विनाकारण हात लावतो. मध्यरेषेपासून ३ मिमीच्या आसपास बाजूला सरकावे. पुढच्या दातांच्या मागे, टाळूवरच्या लहान उंचवट्याखाली, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू घेऊन येणारी नलिका उघडते; ती टाळण्यासाठी तिच्या छिद्राच्या मागे काही मिलिमीटर राहावे. इथेही एक अपवाद विसरू नये: वरचा सुळा टाळूकडे वळलेला असेल, तर तो नेमका याच जागेत आडवा पडलेला असू शकतो. ओपीजीवर सुळा वाट चुकलेला दिसला, की त्या मुलाचा सीबीसीटी करावाच.

खालच्या जबड्यात कवच सामान्यतः वरच्यापेक्षा जाड असते आणि पुढून मागे जाताना वाढते. तरीही लहान मुलात तिथे स्क्रू टाळण्याकडेच माझा कल असतो. अंकुरांची गर्दी आणि हनुवटीच्या बाजूचे मज्जातंतूचे छिद्र हे दोन्ही सांभाळून मोकळी जागा क्वचितच उरते.

प्रत्यक्ष मोजणी

फाइल उघडल्यावर पडद्यावर जो काप आपोआप दिसतो, त्यावर कधीही माप घेऊ नये. स्कॅनच्या वेळी मुलाचे डोके जसे होते तसा तो काप असतो, आणि मुलाचे डोके सरळ नसतेच. टाळूसाठी आधी बाजूच्या दृश्यात टाळूची पातळी आडवी करावी, मग समोरच्या दृश्यात नाकाचा पडदा उभा करावा आणि वरून दिसणाऱ्या दृश्यात मध्यरेषा सरळ करावी. या तिन्ही गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात, म्हणून शेवटी पहिली पुन्हा तपासावी. त्यानंतर पुढच्या नलिकेच्या छिद्राची मागची कड ही खूण धरून ३, ६ आणि ९ मिमी मागे, आणि प्रत्येक ठिकाणी मध्यरेषेपासून ३ मिमी डावीकडे व उजवीकडे, अशा सहा जागी हाड मोजावे. या सहा जागा मोजायला दहा मिनिटे लागतात. एका जागी मोजून स्क्रूची लांबी ठरवणाऱ्याला ही दहा मिनिटे जड वाटतात, पण दोन्ही बाजू सारख्या नसतात हे त्यातूनच कळते.

प्रत्येक जागी दोन मापे घ्यावीत. पहिले कवचाची जाडी, हाडाच्या पृष्ठभागाला काटकोनात. दुसरे स्क्रू ज्या दिशेने जाणार त्या दिशेने एकूण हाड, नाकाच्या तळापर्यंत किंवा जवळच्या मुळापर्यंत. ही दोन मापे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत आणि नोंदवहीत त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये: पहिल्यावरून पकड कळते, दुसऱ्यावरून लांबी.

गालाकडच्या बाजूला मोजताना जबड्याच्या वळणाला काटकोनात काप घ्यावा लागतो, आणि चूक सर्वांत जास्त इथेच होते. माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी होती. वरची दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्यामध्ये स्क्रू बसवायचा होता. स्कॅन केंद्राकडून आलेल्या प्रिंटवर पट्टी धरून मी कवच १.३ मिमी लिहिले, स्क्रू बसवला आणि तिसऱ्या आठवड्यात तो बोटाने हलू लागला. नंतर मूळ फाइल मागवून पाहिले, तेव्हा प्रिंटमधला काप जबड्याच्या वळणाला तिरका गेलेला होता. काप सरळ केल्यावर तेच कवच १ मिमीच्याही जरा आतच भरले. तिरका काप पातळ भिंतही जाड दाखवतो. भाजी तिरकी चिरली की काप लांब निघतो, तसेच हे आहे, आणि रोज घरात दिसणारी ही गोष्ट मी पडद्यासमोर बसून विसरलो होतो.

दुसरी अडचण व्हॉक्सेलची आहे. व्हॉक्सेल ०.३ मिमी असेल, तर ०.९ मिमी कवच म्हणजे केवळ तीन ठिपके आणि १.२ मिमी म्हणजे चार. प्रतिमा जवळ ओढून पाहिली की कवचाची कड रेषा राहत नाही; पांढऱ्यापासून करड्यापर्यंत उतरत जाणारी पायरी होते, आणि माउसचा बाण त्या पायरीवर कुठे टेकवायचा हे आपण ठरवतो. उजेड-अंधाराचे सेटिंग बदलले की तीच कड सरकते. म्हणून सर्व मापे एकाच सेटिंगवर घ्यावीत, ते सेटिंग लिहून ठेवावे आणि चार-पाच दिवसांनी आधीचा आकडा न पाहता पुन्हा मोजावे. दोन मापांत एका व्हॉक्सेलहून जास्त फरक पडला, तर आकड्यांची सरासरी काढत बसू नये. काप पुन्हा सरळ करावा. सॉफ्टवेअर ०.९७ मिमी असे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवते, पण त्यातले दुसरे स्थळ केवळ शोभेचे आहे. ०.९ आणि १.१ यांच्यातल्या फरकावर निर्णय टेकवता येत नाही. कवच १ मिमीच्या आसपास आहे असे दिसले, तर त्याला ‘काठावरचे’ म्हणावे आणि दुसरी जागा शोधावी.

व्हॉक्सेलच्या मापाजवळ आलेले पातळ कवच कधी कधी दिसतच नाही, म्हणून ‘इथे हाड नाही’ असा निष्कर्षही घाईने काढू नये. कवचाची कड दुहेरी दिसत असेल, तर मूल स्कॅनमध्ये हलले आहे. त्या स्कॅनवरून जाडी मोजू नये, फक्त दातांच्या जागा पाहाव्यात. स्टीलची टोपी घातलेल्या दुधाच्या दाढेजवळ पांढऱ्या-काळ्या पट्ट्या येतात, तिथेही माप घेऊ नये. हाडाची घनता मोजण्यासाठी करड्या छटांचे आकडे वापरण्याचा मोह होतो. सीबीसीटीतले हे आकडे वैद्यकीय सीटीच्या, घनता दाखवणाऱ्या हाउन्सफील्ड आकड्यांसारखे भरवशाचे नसतात, तेव्हा तो मोह टाळावा. मुलांचे हाड कमी घट्ट असते आणि सतत बदलत असते, एवढे गृहीत धरून चालावे. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या कवचात मुलाचा स्क्रू प्रौढाच्या स्क्रूइतका टिकेल असे धरू नये. स्कॅन सहा महिन्यांहून जुना असेल, तर मी तो दातांच्या जागेसाठी विश्वासाचा मानत नाही, कारण तेवढ्या काळात अंकुर बरेच खाली उतरलेले असू शकतात.

कोन, त्वचा आणि पिळाचा जोर

स्क्रू थोडा कलता घातला की त्याचा कवचाशी संपर्क वाढतो. १ मिमी कवचात ९० अंशांत गेलेल्या स्क्रूला १ मिमी पकड मिळते, ६० अंशांत सुमारे १.१५ मिमी आणि ३० अंशांत २ मिमी. कागदावर ३० अंश आकर्षक वाटतात. तोंडात मात्र इतक्या कलत्या स्क्रूचे टोक हाडावरून घसरते आणि मूल दचकते. ६० अंशांच्या खाली मी मुलांत जात नाही.

हाडावरची त्वचा स्कॅनमध्ये नीट दिसत नाही, विशेषतः जीभ टाळूला चिकटलेली असेल तर. ती मोजण्यासाठी भूल दिल्यावर बारीक टोकाच्या उपकरणावर रबराची चकती चढवून टोक हाडाला लागेपर्यंत घालावे आणि चकतीपर्यंतचे अंतर पट्टीवर मोजावे. समजा, आटे असलेला भाग ८ मिमीचा आहे आणि त्वचा २ मिमी भरली, तर हाडात ६ मिमी जाईल. स्क्रूच्या दिशेने एकूण हाड ७ मिमी असेल, तर नाकाच्या तळाशी १ मिमी शिल्लक राहतो आणि तो स्क्रू चालतो. त्वचा मोजायची विसरली, की हाच हिशोब दोन मिलिमीटरने चुकतो आणि स्क्रू एकतर अपुरा बसतो किंवा विनाकारण लहान निवडला जातो.

सगळी मापे जुळल्यावरही शेवटचा शब्द हाताचा असतो. गालाकडच्या सुमारे १.६ मिमी व्यासाच्या स्क्रूसाठी बसवतानाचा पिळाचा जोर ५ ते १० न्यूटन-सेंटिमीटर असावा असे सांगितले जाते. जोर त्याहून फारच कमी लागला, तर स्कॅनवर कवच कितीही दिसले असले तरी पकड मिळालेली नाही. फार जास्त लागला, तर हाडावर ताण येतो, बारीक स्क्रू तुटूही शकतो, किंवा टोक मुळाला टेकलेले असू शकते. अशा वेळी पिळणे थांबवून स्क्रू उलटा फिरवावा आणि एक्स-रे घेऊन पाहावे. टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, दाखवणारा ड्रायव्हर नसेल, तर मुलांत मिनिस्क्रूचे काम सुरूच करू नये, असे मला वाटते.

घरच्यांना काय सांगावे

लेखी संमती घेताना पालकांना जबड्याचे चित्र काढून दाखवावे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते आणि अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड; चित्रावर अंकुर आणि स्क्रू दोन्ही दाखवले की भाषेची अडचण बरीचशी सुटते. ‘डॉक्टर, हाडाला भोक पडून राहील का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. स्क्रू काढल्यावर ती जागा हाडाने भरून येते, हे तिला न विचारताच सांगून टाकावे. मुलालाही वेगळे बसवून, त्याच्या शब्दांत सांगावे.

पहिले काही आठवडे कडक भाकरी बंद, हे आपल्याकडे स्पष्ट उच्चारून सांगावे लागते. ‘कडक पदार्थ टाळा’ एवढ्याने भागत नाही, कारण सोलापूरकरांच्या लेखी कडक भाकरी हा कडक पदार्थ नसून जेवण असते. ती कालवणात किंवा दुधात पूर्ण भिजवून खाल्ली तर चालते. टाळूतला स्क्रू जिभेने चाळवत राहण्याची सवय काही मुलांना लागते, तीही विचारून घ्यावी. संक्रांतीच्या आठवड्यात, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, मी नवा स्क्रू बसवत नाही. ऊस, तिळाच्या कडक वड्या आणि यात्रेतले खाणे यांच्यापुढे सूचनापत्रकाचा टिकाव लागत नाही.

स्क्रू हलू लागला तर तो त्याच भोकात पुन्हा पिळू नये. काढावा, हिरडी बरी होऊ द्यावी आणि दुसऱ्या जागेचे माप जुन्याच स्कॅनवर, तो अजून ताजा असेल तर, नव्याने घ्यावे. माझ्या नोंदवहीत प्रत्येक स्क्रूपुढे कवचाची जाडी, एकूण हाड, त्वचा, कोन आणि पिळाचा जोर यांचे पाच रकाने आहेत; सहावा रकाना स्क्रू किती आठवडे टिकला याचा आहे आणि तो स्क्रू काढण्याच्या दिवशीच भरायचा असतो. त्या तेरा वर्षांच्या मुलीच्या ओळीत पहिल्या रकान्यातला १.३ मी खोडलेला नाही. त्याच्या शेजारी लाल शाईने ‘काप तिरका’ असे लिहिले आहे.